वासरू डाव्या हाताला

१

रोज दहाला खडकावरचे सील प्राणी मोजायचे, हे माझं काम. मे ते ऑगस्ट, रविवार सोडून रोज. अकरा उन्हाळे झाले. आमच्या ऑल्वे बेटाच्या पश्चिम टोकाला, कड्याच्या अगदी काठावर, एक लाकडी खोली आहे. आत एक खुर्ची, एक स्टूल, गॅसची शेगडी, तिपाईवर मोठी दुर्बीण आणि बोटींशी बोलायचा वायरलेस. समोर एकच मोठी काच. खाली कड्यात हजारो समुद्रपक्षी घरटी करून बसतात आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत भांडत असतात. नव्या माणसाचं डोकं उठतं. मला मात्र त्या कलकलाटाशिवाय चहा गोड लागत नाही.

खुर्ची जमिनीला खिळ्यांनी ठोकलेली आहे आणि काचेसमोर हनुवटी टेकायला एक फळी आहे, कारण काचेवर खुणा आहेत. माझ्या आधी इथे बसायचा त्या दीपगृहवाल्या म्हाताऱ्यानं त्या तेलरंगानं ओढून ठेवल्या. फळीवर हनुवटी ठेवली की समोरचा प्रत्येक खडक आपापल्या खुणेखाली येतो. डावीकडे पांढरी रेघ, तिच्याखाली ‘गाय’. ते उंच बेट, माथ्यावर गवत, गवतात पफिन पक्ष्यांची बिळं. उजवीकडे छोटी लाल रेघ, तिच्याखाली ‘वासरू’. तो काळा खडक ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो, आणि उघडा असेल तेव्हा त्याच्यावर सील लोळतात. दोघांच्या मधून बोटीची वाट.

माझा धाकटा भाऊ एखन पाहुण्यांना गायीवर नेऊन पफिन दाखवतो आणि त्या वाटेनं परत आणतो. बोट माझ्याकडे तोंड करून येते, म्हणून माझी उजवी ती त्याची डावी. गाय उजव्या हाताला, वासरू डाव्या हाताला, पन्नास हात सोडून. बेटावरचे सगळे असेच येतात. बोटीत नकाशाचा छोटा पडदा आहे, पण एखन त्याच्यावर टोपी टांगतो. "पडदा म्हणतो गाय तिथे नाही, आणि गाय तर समोर बसलीय," तो म्हणतो. "मी कुणाचं ऐकू?"

आता माझी लाज सांगून टाकते. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, सप्टेंबरात ऑपरेशन. गेल्या उन्हाळ्यात मी वायरलेसवर ओरडले होते की गायीच्या मागे तीन किलर व्हेल आहेत. दोन बोटी भरून लोक धावले. तिथे खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे तीन काळे तरंगते डबे होते. वायरलेस आमच्याकडे घराघरात चालू असतो, तेव्हा सगळ्या बेटानं ऐकलं. सबंध हिवाळा मला कुणी एफी म्हटलं नाही, ‘डबेवाली’ म्हणत होते. हसली नाही ती फक्त दुकानातली डोलिना. तिनं माझे बटाटे तोलले आणि म्हणाली, "दिसलं ते सांगितलंस. बरं केलंस."

मला पगार देणाऱ्या संस्थेनं मात्र कान टवकारले. त्यांच्या ऑफिसातली गिलियन या गुरुवारी येणार होती. पुढच्या वर्षी माझ्या जागी खांबावर कॅमेरा लावायचा की नाही, हे ठरवायला. नवरा जाऊन सात वर्षं झाली, मुलगा कॅनडात. ही खोली गेली तर मी घरी बसून भिंतीशी बोलायचं काय? म्हणून त्या आठवड्यात मी ठरवलं होतं, जे शंभर टक्के दिसेल तेवढंच तोंडातून काढायचं.

आणि सोमवारी दहा वाजता फळीवर हनुवटी ठेवली, तर वासरू लाल रेघेच्या दोन बोटं उजवीकडे.

२

पहिल्यांदा मी खुर्ची पाहिली. चारही पायांचे खिळे जागच्या जागी, गंजलेले. मग काच पुसली. मग लक्षात आलं, खुर्ची हलली असती तर गायही हलली असती. गाय आपल्या पांढऱ्या रेघेखाली बरोब्बर बसली होती.

मग आळ डोळ्यावर. डावा झाकला, उजव्यानं पाहिलं. दोन बोटं उजवीकडे.

भरती-ओहोटीचं कोष्टक भिंतीला लावलेलं असतं. त्या दिवशी साडेसहाला ओहोटी, म्हणजे दहाच्या सुमाराला वासरू बुडायला हवं. टोपीएवढा तुकडा वर राहिला असता तर ठीक. हा खडक चांगला ऐसपैस उघडा होता आणि वर सोळा सील.

मोठी दुर्बीण लावली. वासराच्या कमरेला तपकिरी शेवाळाची झालर असते. इथे झालर नव्हती, सगळं गुळगुळीत काळं. पाणी येऊन खडकावर आपटलं की पांढरा फेस होतो. इथे लाट यायची, अंगावर चढायची आणि मुकाट्यानं उतरायची. फेसाचा ठिपका नाही. आणि ते सील! सील खडकावर बसले की तोंड पाण्याकडे करून बसतात, धोका दिसला की सटकायला. अकरा वर्षांत मी दुसरं काही पाहिलेलं नाही. हे सोळाच्या सोळा आत तोंड करून बसले होते. मधे काहीतरी आहे आणि सगळे ते बघताहेत, असे. कुणी खाजवत नव्हतं, कुणी शेजाऱ्याला चावत नव्हतं.

मी चहा केला. अर्धा प्याले. बाराला पाहिलं, तो तिथेच. पाऊणला, ऐन भरतीला, तिथेच. आणि पाणी पुरुष-दीड पुरुष चढलं तरी त्याची उंची काचेवर तेवढीच. समुद्र वर आला तसा तोही वर आला होता.

"छे," मी मोठ्यानं म्हटलं. खोलीत माझाच आवाज ऐकून बरं वाटलं. नोंदवहीत लिहिलं, ‘सील सोळा.’ खडकाच्या रकान्यात पेन्सिल टेकवली आणि तशीच उचलली.

३

सोमवारी एखन माझ्याकडे जेवतो. तळलेले बांगडे आणि बटाटे.

"वासरावर किती आज?" त्यानं विचारलं. पाहुण्यांना सांगायला त्याला आकडा लागतो.

"सोळा."

"नक्की? की त्यातले चार डबे?"

"खा मुकाट्यानं. काटा अडकेल घशात."

"अडकला तर तूच काढ. फक्त चष्मा लावून काढ, नाहीतर जीभ उपटशील."

मी हसले. मग म्हटलं, "एखन, आज तुला वासरू कुठे दिसलं?"

"कुठे म्हणजे? चरायला गेलं होतं काय?" तो बटाटा मोडत होता. "आज मी दक्षिणेला होतो, शार्क दाखवायला. का गं?"

सांगायचं ते अगदी ओठांवर आलं होतं. पण गुरुवारची गिलियन डोळ्यांपुढे आली आणि हिवाळाभर ऐकलेलं ते ‘डबेवाली’. मी म्हटलं, "काही नाही. बाबांची आठवण आली."

चूक केली. त्याचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला.

शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा असाच जुलै. आमचे बाबा, लाखलन, गायीवरून परत येत होते. बरोबर डोलिनाचा भाऊ फिनले. निवांत समुद्र, स्वच्छ ऊन, आणि बाबांनी बोट सरळ वासरावर घातली. चाळीस वर्षं त्या वाटेनं जाणारा माणूस! बाबा वाचले, फिनले बुडाला. बोटीत व्हिस्कीची बाटली सापडली. सगळ्यांच्याच बोटीत असायची, पण सापडली ती बाबांच्या. बाबा पुढे नऊ वर्षं जगले, पुन्हा सुकाणूला हात लावला नाही, आणि कुणी विचारो न विचारो, एकच म्हणत राहिले, "वासरू माझ्या डाव्या हाताला होतं."

एखन तेव्हा सतरा वर्षांचा. धक्क्यावर, सगळ्यांदेखत, त्यानं बाबांना तोंडावर सांगितलं, "तुम्ही प्यायला होतात." त्यानंतर बापलेकांत शब्द नाही. बाबा गेले तेव्हा हा मासेमारीला गेला होता. मुद्दाम गेला होता. मी घरात होते, त्यांच्या उशा नीट करत होते, आणि बाबांनी ते वाक्य म्हटलं की मान हलवत होते. विश्वास माझाही नव्हता.

"आठवण काढायचीय तर तू काढ," एखन म्हणाला. "म्हातारा प्यायला आणि एक माणूस मेला. संपलं." त्यानं आयुष्यात व्हिस्कीला हात लावलेला नाही. बांगडा अर्धा टाकून तो उठून गेला.

४

मंगळवार, बुधवार धुकं. आमच्याकडे उन्हाळ्यात समुद्रावरून असं धुकं येतं की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. बोटी बंद. मला सुट्टी घेता आली असती, पण मी गेले. घरी बसवेना.

काच दुधाळ झाली होती. खुणा दिसत होत्या, त्यांच्याखाली काही नव्हतं. खालचे पक्षी भांडत होते तेवढाच आधार. मी विणायला घेतलं. दहा ओळी विणल्या असतील, आणि पक्षी थांबले.

हळूहळू शांत झाले असं नाही. सगळे एकदम. अकरा वर्षांत त्या कड्यात पहिल्यांदा मला खाली खडकांवर पाणी चुबकताना ऐकू आलं. मग बाहेरून, धुक्यातून, एक श्वास सुटला. व्हेलचा श्वास मी ओळखते. फुस्स, दोन सेकंद, संपला. हा संपेना. सुटतोय, सुटतोय, आणि डोळ्यांवरची काच, म्हणजे चष्मा, आणि समोरची काच, दोन्ही बारीक गुणगुणायला लागल्या. स्टुलावरच्या चहात वळी उमटली. मी सवयीनं मोजत होते. एकोणतीस आकडे झाले तेव्हा तो थांबला. मग पक्षी पुन्हा सुरू झाले, जिथे सोडलं होतं तिथून.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला असं वाटलं की उठून उभं राहावं. चर्चमध्ये राहतात तसं. मी राहिलेही. सदुसष्ट वर्षांची बाई, हातात अर्धा मोजा, पांढऱ्या काचेसमोर उभी.

बुधवारी दोनदा झालं. एकदा एकतीस, एकदा तेहेतीस.

५

गुरुवार धुतल्यासारखा स्वच्छ उगवला. एखन नऊला गिलियनला आणि पाच पाहुण्यांना घेऊन गायीकडे गेला. टोकाखालून जाताना वायरलेसवर म्हणाला, "डबेवाल्या बाईसाहेब, आम्ही निघालो. बाराला परत."

"वेळेवर ये," मी म्हटलं.

ओहोटी नऊची. दहाला फळीवर हनुवटी ठेवली. लाल रेघेखाली वासरू. तपकिरी झालर, कडेनं फेस, वर तीन पाणकावळे पंख वाळवत बसलेले, सील एकही नाही. आणि त्याच्या दोन बोटं उजवीकडे दुसरं. काळं, गुळगुळीत, वर सोळा सील आत तोंड करून.

दोन होती.

मी डावा डोळा झाकला, मग उजवा, मग दोन्ही झाकून शंभर मोजले. दोन. मोठ्या दुर्बिणीतून दोन. काय सांगू, किती सुंदर दिसत होतं ते! ऊन पडलं होतं आणि त्या काळ्यावर निळी झाक होती, आणि लाट आली की ते सबंध, सोळा सील घेऊन, कणभर वर यायचं आणि कणभर खाली जायचं. झोपलेल्या माणसाची छाती बघावी तसं मी बघत बसले.

हात वायरलेसकडे गेला. पण बोटीतल्या वायरलेसजवळ गिलियन बसलेली, आणि बेटावर प्रत्येक स्वयंपाकघरात तोच आवाज. काय सांगू? ‘वासरं दोन झालीत’? मी स्वतःची समजूत घातली की एखन बाराला येईल, खरं वासरू साडेबारापर्यंत वर असतं, त्याला दोन्ही दिसतील, त्याला डोळे आहेत. मला बोलायची गरज नाही. मी हात मागे घेतला. हे मी केलं, आणि ते मला कुणी करायला लावलं नव्हतं.

बारा झाले. बोट नाही. सव्वाबारा. पफिन चोचीत मासे घेऊन आले की पाहुणे हलत नाहीत, मला माहीत आहे. साडेबाराला पाणकावळे उडाले. झालर बुडाली, मग पाठ, मग एक छोटा भोवरा राहिला, मग तोही गेला. लाल रेघेखाली सपाट निळं पाणी. आणि उजवीकडे ते दुसरं, होतं तेवढंच उघडं.

बोटीतून बघणाऱ्याला आता वासरू एकच दिसणार होतं. ते डाव्या हाताला पन्नास हात सोडलं, की खरं वासरू बरोबर नाकासमोर, पाण्याखाली हातभर.

एकला दहा कमी असताना गायीच्या मागून बोटीचं टोक बाहेर आलं. मी आधी कधी वायरलेस इतका घट्ट धरला नव्हता.

"एखन, थांब! इंजिन बंद कर."

"काय झालं? डबे?" मागे कुणीतरी हसलं.

"समोर खडक आहे. वासरू तुझ्या समोर आहे, पाण्याखाली."

"अगं, पूस तो चष्मा. अजून बुडलं नाही ते, सील बसलेत वर, इथून मोजून दाखवतो."

"ते वासरू नाही! एखन, ते वासरू नव्हे रे!"

"एफी." आवाज बदलला, पाहुण्यांसमोर बहिणीची शोभा झाल्यावर भावाचा होतो तसा. "चाळीस वर्षं मी येतोय इथून. वासरू माझ्या डाव्या हाताला आहे."

तेच शब्द, तोच आवाजही. वय झाल्यावर त्याचा आवाज बाबांसारखा झालाय, हे मला तोवर कळलं नव्हतं.

"हेच म्हणायचे ते," मी म्हटलं. "एखन, बाबा हेच म्हणायचे. शेवटच्या दिवसापर्यंत हेच म्हणत होते."

पेटीत नुसती खरखर. बोट येत होती. मग इंजिन बंद झालं.

६

त्याच क्षणी पक्षीही थांबले. अर्ध्या मैलावर बोट आपल्याच वेगानं थोडी घसरली आणि मंदावली. दुर्बिणीतून दिसलं, एखन पुढच्या टोकाला गेला आणि लांब आकडी पाण्यात खुपसली. हातभर आत गेली आणि अडकली. त्यानं वाकून खाली पाहिलं. स्वच्छ पाणी, खाली तपकिरी शेवाळ हलत असणार, हातभर अंतरावर. तो तसाच वाकलेला राहिला.

मग त्यानं मान वर केली आणि डावीकडे पाहिलं.

श्वास सुटला. काच गुणगुणली. मी मोजलं नाही. ते दुसरं वासरू खाली बसायला लागलं. बुडबुडा नाही, लाट नाही. पाणी त्याच्यावर मिटलं, एवढंच. सील हलले नाहीत. त्यांच्याखालून ते निघून गेलं आणि ते सोळा जण होते तिथेच तरंगत राहिले, गोल करून, डोकी वर, आत बघत.

मग समुद्राचा रंग बदलला. त्या गोलापासून काळोख पसरत निघाला, पाण्याच्या आतून. गायीच्या पायथ्यापर्यंत गेला, बोटीखाली गेला, माझ्या कड्याकडे आला. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. बोट उचलली गेली, अगदी हळू, वासराच्या वर उचलली गेली, आणि पलीकडे खोल पाण्यात ठेवली गेली. हो, ठेवलीच. दुसरा शब्द मला सुचत नाही. आता मी मोजत होते. काळोख बोटीखालून जातोय, जातोय, पंचवीस, तीस, अजून जातोय. आम्ही ज्याला खडक समजत होतो ती त्याची करंगळीही नव्हती. एकेचाळीसला पाणी पुन्हा निळं झालं.

मी खुर्चीतून कधी उठले, माहीत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी एकटी मोठ्यानं म्हणत होते, "देवा रे, देवा रे," आणि त्यात मागणं काहीच नव्हतं.

पक्षी भांडायला लागले. सील एकेक करून पोहत निघून गेले.

धक्क्यावर गिलियन मला भेटली तेव्हा गालांवर ऊन लागून लाल झाली होती. "केवढी मोठी लाट आली! आणि ते सील पाहिलेत? मी सबंध वेळ कॅमेऱ्यातून त्यांच्याकडेच बघत होते." मग आवाज खाली करून म्हणाली, "तुम्ही नसतात तर आम्ही त्या खडकावर आपटलो असतो. खांबावरचा कॅमेरा ओरडला नसता. पुढच्या वर्षीही खोली तुमचीच."

ज्याच्यासाठी मी आठवडाभर जीभ चावून बसले होते ते मिळालं. मी तिचे आभार मानले की नाही, आठवत नाही. एखन दोर बांधत होता. तीच गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधत होता.

७

शुक्रवारी एखननं बोट धुतली. पडद्यावरची टोपी काढून डोक्यावर घातली.

शनिवारी दुपारी मी दुकानात होते. फेरीबोटीतून ब्रेड आलेला, म्हणून चार-पाच जण रांगेत. डोलिना गल्ल्यामागे, फळीवर तिचा वायरलेस नेहमीसारखा खरखरत. एखन आत आला. ब्रेड घेतला नाही. टोपी काढून हातात धरली.

"माझे बाबा त्या दिवशी प्यायलेले नव्हते," तो म्हणाला.

पोस्टातला रॉडरिक म्हणाला, "अरे, आता कशाला ते? आणि तुला कसं कळलं?"

एखननं हातातली टोपी उलटीपालटी केली. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, शाळेत उभं केल्यासारखा उभा. मी म्हणणार होते, मी सांगते, मला दिसलं. पण त्याआधी डोलिनानं हात वर करून वायरलेस बंद केला. आमच्या आठवणीत तो दिवसाउजेडी कधी बंद झाला नव्हता.

"तो खरं सांगतोय," ती म्हणाली. "त्या दिवशी मी टोकावर मेंढ्या आणायला गेले होते. फिनलेला वरून हात केला मी. त्यानंही केला." ती गल्ल्यावरच्या लाकडाकडे बघत बोलत होती. "दोन होती. तासभर आधी मी दोन पाहिली होती. आपण काही बोललो तर लोक काय म्हणतील, म्हणून गप्प बसले. मग लाखलनला सगळे दारुडा म्हणायला लागले, आणि मग बोलायला उशीर झाला. गुरुवारी या पेटीतून तुझा आवाज आला, एखन, आणि मला वाटलं लाखलनच बोलतोय."

रॉडरिकनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. एखन बटाट्यांच्या पोत्यावर बसला. खांदे हलत होते. आमच्या बेटावर पुरुषांनी चारचौघांत रडायची रीत नाही, म्हणून सगळे ब्रेडकडे बघत राहिले. डोलिना गल्ल्यामागून बाहेर आली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. जिचा भाऊ गेला ती. मग मान वळवून मला हळूच म्हणाली, "तेव्हाही ते आतच बघत होते, एफी. सगळे सील."

मी मान हलवली.

थोड्या वेळानं एखन उठला. टोपी घातली, परत काढली. दुकानाबाहेर रस्ता दोन दिशांना जातो, खाली धक्क्याकडे आणि वर दफनभूमीकडे. तो वर निघाला. दारात थांबून त्यानं मला विचारलं, "बाबांचा दगड कितव्या ओळीत गं?"

"तिसऱ्या," मी म्हटलं. "भिंतीकडून चौथा."

मी त्याला एकट्यालाच जाऊ दिलं.